कार आणि ट्रकची प्लॅस्टिक मॉडेलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१/२४ आणि १/२५ मापातल्या प्लॅस्टिकच्या गाड्या बनवणाऱ्यांकडून, आणि बनवायला निघालेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. विमानं, रणगाडे, जहाजं यांतलं काही नाही. क्रम साधारण डबा उघडण्यापासून काचेच्या कपाटापर्यंत लावला आहे, पण तुमची अडचण जिथे आहे तिथे सरळ उडी मारा.

डब्यात नेमकं काय मिळतं?

सुटे भाग. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे, चौकटींना चिकटलेले. या चौकटींना कुणी स्प्रू म्हणतं, कुणी रनर. बॉडी बहुधा अखंड येते, काचांची पारदर्शक चौकट वेगळी, बंपर-ग्रिलसारख्या चमकत्या भागांची क्रोमची चौकट वेगळी, रबरासारखे टायर, पाण्यात भिजवून लावायच्या चित्रांचा कागद (डेकल) आणि माहितीपत्रक. साध्या कारमध्ये शंभरेक भाग असतात, ट्रकमध्ये दोन-तीनशे सहज. गोंद आणि रंग डब्यात नसतात. खेळण्याच्या दुकानात ‘मॉडेल’ म्हणून जी धातूची गाडी मिळते ती डायकास्ट. ती तयारच असते, इथे तिचा विषय नाही.

१/२४ आणि १/२५ अशी दोन मापं का? एकच का नाही?

१/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, इतकं सरळ. १/२५ ही अमेरिकेची सवय. मिशिगनमधल्या ट्रॉय इथे १९४८ साली सुरू झालेली एएमटी ही कंपनी आधी मोटार विक्रेत्यांना जाहिरातीसाठी द्यायच्या छोट्या गाड्या बनवत असे. त्या १/२५ मध्ये होत्या. १९५८ पासून तिने त्याच मापात जोडायची किट काढली. एकाच डब्यातून कंपनीतून निघालेली, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कुठलीही गाडी बनवता यायची. एएमटी, एमपीसी, रेव्हेल यांच्या अमेरिकन गाड्या म्हणूनच बहुतेक १/२५ मध्ये आहेत. जपानी कंपन्या आणि इटलीची इटालेरी १/२४ वापरतात.

फरक चार टक्क्यांचा. साडेचार मीटरची कार १/२४ मध्ये १८७.५ मिलिमीटर होते, १/२५ मध्ये १८०. शेजारी ठेवल्या तर डोळ्याला कळतं. पण एका किटचं इंजिन किंवा सीट दुसऱ्यात बसवली तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चाकांच्या बाबतीत जरा जपून.

पहिलं किट कोणतं घेऊ?

बोनेट न उघडणारं, म्हणजे इंजिन नसलेलं, १/२४ मधलं जपानी किट. तामिया, आओशिमा, हासेगावा, फुजिमी या चारही कंपन्या जपानच्या शिझुओका प्रांतातल्या. तामियाची सुरुवात तर १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीतून झाली. लाकडी मॉडेलांवरून ती प्लॅस्टिकवर आली. तिचे भाग एकमेकांत इतके नेमके बसतात की पहिल्या किटला रंगाकडे लक्ष देता येतं, भाग घासत बसावं लागत नाही. गोंदाचीच भीती वाटत असेल तर आओशिमाची १/३२ मधली स्नॅप किट बघा. त्यात रंगीत प्लॅस्टिक असतं, भाग दाबून बसतात, आणि त्यात सुझुकीची जिम्नीही आहे, जी आता आपल्याकडेही पाच दारांची होऊन रस्त्यावर दिसते.

एएमटीचे जुने अमेरिकन ट्रक, पीटरबिल्ट ३५९ वगैरे, डब्यावरच्या चित्राला भुलून पहिल्यांदा घेऊ नका. साचे अर्धशतकाच्या आसपासचे आहेत. भागांच्या कडांना पापुद्रे, चासीला थोडा पीळ, माहितीपत्रकात जुन्या पद्धतीची गिचमिड आकृती. तिसरं-चौथं किट म्हणून मात्र त्यांच्यासारखी मजा नाही.

हत्यारं किती लागतात?

कमी. चांगला निपर (भाग चौकटीपासून कापायचा बारीक कटर), ११ नंबरच्या पात्याची हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप. निपरवर पैसे खर्च करा, बाकी काटकसर चालते. वायरमनचा कटर जाड असतो, प्लॅस्टिक चिमटून पांढरं करतो. भाग कापताना आधी लांबून कापा, मग उरलेला खुंट भागाजवळून. मास्किंग टेप हार्डवेअरच्या दुकानातली असेल तर कडेखालून रंग झिरपतो. मॉडेलसाठीची जपानी कागदी टेप महाग आहे, पण बोनेटवरच्या दोन पट्ट्या सरळ यायच्या असतील तर तीच घ्या.

फेविक्विकने जोडलं तर नाही का चालणार?

चालतं, पण प्रत्येक ठिकाणी नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा विस्ताराने.

पॉलिस्टायरीनचा खरा गोंद म्हणजे पातळ सिमेंट. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. तो चिकटवत नाही, विरघळवतो. दोन भाग कोरडेच एकमेकांना लावून धरा, ब्रशचं टोक फटीला टेकवा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्ही कडा मऊ होतात आणि एकजीव होऊन वाळतात. म्हणून रंगवलेल्या पृष्ठभागावर तो चालत नाही, जोडाच्या जागचा रंग खरवडावा लागतो. क्रोमच्या भागांचंही तेच. बोट फटीवर ठेवून सिमेंट लावलं तर द्रव बोटाखाली पसरतो आणि तुमचा ठसा मॉडेलवर कायमचा उमटतो.

फेविक्विक किंवा कुठलाही सुपरग्लू धातूच्या भागांना, रेझिनच्या (साच्यात ओतून केलेल्या कडक प्लॅस्टिकच्या) भागांना, वायरींना योग्य. काचांजवळ मात्र नको, कारण त्याची वाफ काचेवर पांढरट धुकं धरते आणि ते पुसून जात नाही. काचांसाठी आपला पांढरा फेविकॉल सर्वांत उत्तम! वाळला की पारदर्शक होतो, सांडलेला ओल्या कापडाने पुसता येतो. हेडलाइटची भिंगंही त्यानेच बसवा. जिथे जोर येतो, म्हणजे धातूचा ॲक्सल किंवा ट्रेलरचा पिन, तिथे दोन नळ्यांचं ॲरल्डाइट.

गोंद कोणताही असो, भाग आधी कोरडा बसवून बघायचा. प्रत्येक. बॉडी चासीवर बसते का, काच लावल्यावर डॅशबोर्ड अडतो का, हे रंगानंतर कळून उपयोग नसतो.

रंगाआधी बॉडीचं काय करायचं?

भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेलं तेलकट द्रव्य राहिलेलं असतं. मग साच्याचे दोन भाग जिथे मिळाले ती बारीक रेघ शोधा. ती मडगार्डच्या माथ्यावरून, छपराच्या खांबांवरून जाते. खऱ्या गाडीला अशी रेघ नसते, आणि चकचकीत रंगाखाली ती दहापट उठून दिसते. ६०० च्या वॉटर पेपरने ओलं घासून घालवा. दारं आणि डिकीच्या फटी रंगाने बुजतात, म्हणून पात्याच्या पाठीने हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारून त्या खोल करा.

खड्डे असतील तर पुट्टी. गाड्या रंगवणारे वापरतात ती एनसी पुट्टी चालते, पण ती वाळताना आक्रसते. पातळ थर द्या, दुसऱ्या दिवशी घासा, पुन्हा द्या. मोठ्या भोकांना एम-सील.

प्लॅस्टिक लाल किंवा गडद पिवळं असेल आणि तुम्हाला गाडी पांढरी हवी असेल तर सावध. लाल रंगद्रव्य वरच्या थरात झिरपतं आणि गाडी गुलाबी होते. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर दिला की ते अडतं.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे कॅन वापरू का?

वापरू शकता, पण उघड्या प्लॅस्टिकवर थेट नाही. त्यातलं थिनर जहाल असतं. पॉलिस्टायरीनला बारीक भेगांचं जाळं पडतं. आधी मॉडेलसाठीचा प्रायमर, मिस्टर सरफेसर १००० किंवा तत्सम, नीट वाळू द्या. मग रंगाचे पहिले दोन हात अगदी फवारल्यासारखे, कोरडेच. ओला हात त्यानंतर. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर प्रयोग करा. फंक्शनला आईस्क्रीमसोबत पूर्वी मिळायचे ते पांढरे चमचे घरात उरले असतील तर यासाठीच जपून ठेवावेत. चमच्याची पाठ बोनेटसारखीच गोल असते, त्यामुळे रंग कसा ओघळतो तेही कळतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. तामियाचे पीएस कॅन रिमोटच्या गाड्यांच्या वेगळ्या प्लॅस्टिकसाठी असतात, ते इथे नको, टीएस हवेत. आणि लॅकरवर (जहाल थिनरचा, झटपट वाळणारा रंग) इनॅमल (हळू वाळणारा तेली रंग) चालतं, इनॅमलवर लॅकर दिलं तर खालचा रंग सुरकुततो.

जपानहून पोस्टाने मागवायचा विचार असेल तर किट येतं, कॅन येत नाही. स्प्रे आणि ज्वालाग्राही गोंद हवाई टपालात घेत नाहीत.

पावसाळ्यात रंगवावं का?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर चकचकीत लॅकर शक्यतो टाळा. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळ्या बोनेटवर दुधाळ ढग येतात. असं झालं तर घासायला धावू नका. कोरड्या दिवशी, हळू वाळणारं थिनर म्हणजे रिटार्डर घालून त्यावर हलका हात द्या. पुष्कळदा ढग जिरतो. हे चार महिने इंजिन, चासी, आतल्या सीटा यांसाठी राखून ठेवणारे बरेच जण आहेत. त्या भागांना मॅट रंग लागतो आणि त्यात थोडंफार खपून जातं. देशावर एवढी अडचण नसते, पण तिथे मार्च-एप्रिलमध्ये उलटं होतं: रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो.

वाळवायला ओव्हन वापरू नका. उष्णता जास्त झाली की पातळ भाग वाकायला लागतात.

एअरब्रश हवाच का?

नाही. बॉडीला कॅन आणि बाकीला ब्रश, एवढ्यावर उत्तम मॉडेलं होतात. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं यंत्र, घेतलात तर ०.३ मिलिमीटरचा नोझल आणि पंधरा-वीस पीएसआय दाब सुरुवातीला पुरे. रंग दुधाइतका पातळ करा. एअरब्रशचा खरा फायदा कारपेक्षा ट्रकला होतो, धूळ उडवताना. त्याबद्दल पुढे.

आरशासारखी चमक कशी येते?

रंगाने नाही, घासण्याने. रंगावर पारदर्शक क्लिअरचे तीन-चार हात, मग निदान आठवडाभर थांबणं. हा आठवडाच लोकांना जड जातो. नखाने आतल्या बाजूला दाबून बघा, ठसा उमटला तर अजून ओलं आहे. रंगावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे असतील तर २००० च्या वॉटर पेपरने ओलं घासून सपाट करा, मग ३००० पासून चढत्या नंबरचे पॉलिशिंग कापड, शेवटी कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. उंच कडांवर, म्हणजे मडगार्डच्या धारेवर, घासू नका. तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि प्रायमर दिसायला लागतो. धारांवर आधीच टेप लावणं सोपं.

एक मत. १९६० च्या गाड्यांना आजच्या शोरूममधल्यासारखी काचेरी चमक देऊ नये. तेव्हाचा रंग तसा नव्हताच. रेशमी, किंचित खोल वाटणारी चमक त्यांना शोभते.

रंग फसला. काढायचा कसा?

डेटॉल. तपकिरी, मूळचं. ॲक्रिलिक आणि इनॅमल दोन्ही त्यात रात्रभर बुडवून ठेवले की सुटतात, प्लॅस्टिकला धक्का लागत नाही. जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासा. मधेच नळाखाली धरलंत तर सुटलेल्या रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होतो. सगळा रंग निघाल्यावर भांड्यांचा साबण, मग पाणी. ॲक्रिलिकला आयसोप्रोपाइल अल्कोहोलही चालतं. जुने लोक ब्रेक ऑइल वापरायचे. तेही काम करतं, पण हाताला वाईट. थिनर किंवा ॲसिटोन कधीच नको, रंगासोबत गाडीही विरघळेल.

किटमधलं क्रोम खोटं दिसतं. काय करू?

कारण ते खरंच अति चमकतं, आणि चौकटीपासून तोडलेल्या जागी पांढरा खुंट उघडा पडतो. ते क्रोम म्हणजे निर्वात कक्षात बसवलेला ॲल्युमिनियमचा थर. कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की तो विरघळतो. बऱ्याचदा काही मिनिटांत. खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मग भाग घासून, चकचकीत काळा रंग देऊन त्यावर ॲल्क्लॅडचं क्रोम एअरब्रशने, किंवा मोलोटोच्या क्रोम पेनने. खिडक्यांभोवतीच्या बारीक पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल हा चिकट वर्ख लावा. अंगठ्याने नाही, कापसाच्या काडीने दाबायचा, आणि कापायला दर वेळी नवं पातं. बोथट पातं वर्ख फाडतं.

डेकलखाली चांदीसारखी चकाकी दिसते.

खाली हवा अडकली आहे. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो. आधी ग्लॉस, मग डेकल, मग हवं तर वरून मॅट. वळणांवर मिस्टर मार्क सॉफ्टर किंवा मायक्रो सोल लावलं की डेकल आधी सुरकुततं. घाबरून ओढू नका, वाळताना सपाट बसतं. जुन्या किटचा पिवळा पडलेला डेकल कागद उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून काही दिवस चिकटवून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. वरून टीएस क्लिअरचा जाड हात एकदम दिलात तर डेकल विरघळतं. पातळ, पातळ, मग ओला.

कार बनवता येते. ट्रक जमेल का? त्यात वेगळं काय?

कारमध्ये बॉडी सांभाळते. चासी थोडी वाकडी असली तरी छपराखाली कुणी बघत नाही. ट्रकचा सांगाडा उघडा असतो. दोन लांब पट्ट्या, मधे आडव्या पट्ट्या, खाली पाटे आणि ॲक्सल, आणि या सगळ्यातून डोळा आरपार जातो. तेव्हा पहिला नियम : चासी जाड काचेच्या तुकड्यावर बांधा. दोन्ही पट्ट्या काचेला पूर्ण टेकल्या पाहिजेत, आडव्या पट्ट्या काटकोनात. गोंद लावून वजन ठेवा आणि रात्रभर विसरा. किटमधल्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) धरून सरळ करा.

मग ॲक्सल. सहाच्या सहा, किंवा दहाच्या दहा चाकं जमिनीला टेकायला हवीत. एक जरी अधांतरी राहिलं तर सगळा ट्रक खेळणं वाटतो. पाटे चिकटवताना चाकं तात्पुरती लावून काचेवर उभा करून बघा, आणि गोंद ओला आहे तोवर दुरुस्त करा.

ट्रकचे पाइप ही खरी मेजवानी. डिझेलची टाकी ते इंजिन, हवेच्या टाक्यांपासून ब्रेकच्या डब्यांपर्यंत, केबिनच्या मागून ट्रेलरकडे. सोल्डरची तार वापरा, ती वाकवली तिथेच राहते. ट्रेलरच्या हवेच्या नळ्यांचे रंग देशावर अवलंबून असतात. अमेरिकेत पुरवठ्याची लाल आणि ब्रेक दाबल्यावर काम करणारी निळी. युरोपात पुरवठ्याची लाल, दुसरी पिवळी. इटालेरीच्या स्कॅनिया या युरोपी ट्रकला निळी नळी लावलेली मॉडेलं मी प्रदर्शनांत बक्षीस घेताना पाहिली आहेत. परीक्षकांनी कधी ट्रकच्या मागे उभं राहून बघितलं नसावं.

इंजिनात वायरी घालायच्या आहेत. किती जाड?

हिशेब करा. खऱ्या स्पार्क प्लगची वायर सात ते आठ मिलिमीटर जाड. पंचविसाने भागलं की ०.३ मिलिमीटर. बाजारातल्या ‘मॉडेल वायर’ यापेक्षा पुष्कळदा जाड असतात आणि इंजिनावर दोरखंड टाकल्यासारखे दिसतात. जुन्या इअरफोनच्या आतली तार चालते. व्ही-८ ला आठ वायरी प्लगकडे आणि एक कॉइलकडे. हौस असेल तर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, पाळा. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनाची १-८-४-३-६-५-७-२. जाळीदार नळीसाठी गिटारची गुंडाळलेली तार कापून वापरतात.

पण बोनेट बंद ठेवणार असाल तर हे सगळं कशाला? तोच वेळ आतल्या भागाला द्या. सीटचे पट्टे, पेडल, डॅशबोर्डवरचे काटे काचेतून रोज दिसतात.

टायर चकाकतात, आणि जुन्या मॉडेलचे रिम वितळलेले दिसले.

टायरच्या मधोमधची साच्याची रेघ आणि चकाकी घासून घालवा. टायर पेन्सिलवर घट्ट बसवून ४०० च्या पेपरवर फिरवला की झालं. रस्त्याला टेकणारा भाग राखाडी, बाजू काळ्या. शुद्ध काळा टायर फक्त शोरूममध्ये असतो.

वितळण्याचं कारण रसायन. टायरचं मऊ व्हिनाइल लवचीक ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि पॉलिस्टायरीन मऊ करतं. जुन्या किटमध्ये हे जास्त. टायर आणि रिमच्या मधे नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप पातळ लावा. न उघडलेल्या किटमध्येही टायर काचांना चिकटून पडलेले असतील तर आजच वेगळ्या पिशवीत घाला.

धूळ-चिखल खरा कसा दाखवायचा?

इथे पुष्कळ चांगली मॉडेलं बिघडतात. सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारला की ट्रक जुना नाही, नुसता तपकिरी होतो. मळ प्रत्येक जागी वेगळ्या कारणाने येतो. त्यामुळे रंग हातात घेण्याआधी हायवेवरच्या एखाद्या ढाब्यावर अर्धा तास बसा आणि उभे ट्रक बघा.

डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली ओघळ असतो, ओला, काळपट, आणि त्यावरच धूळ चिकटते. पायरी जिथे पाय पडतो तिथे घासून उजळ झालेली असते, कोपऱ्यांत मळलेली. चाकांच्या मधोमध ग्रीसचा डाग. समोरच्या काचेवर वायपरने पुसलेले कमानीचे तुकडे स्वच्छ, बाहेर धूळ. केबिनच्या पुढच्या बाजूला खडीचे टवके, मागच्या बाजूला जवळजवळ नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या गोल पाटावर, जिथे ट्रेलर टेकतो, काळं, जाड, चमकतं ग्रीस. तिथे धूळ दाखवली तर ट्रेलर कधी जोडलाच नाही असा अर्थ होतो.

रंगही जागेचा हवा. कोकणातली जांभ्याची धूळ तांबूस, विदर्भ-मराठवाड्यातली काळ्या मातीची वाळल्यावर राखाडी, आणि सिमेंट वाहणाऱ्या ट्रकवरची पांढुरकी. खरी माती वापरू नका, तिचे कण या मापात दगड वाटतात. कोरडे पेस्टल खडू पात्याने खरवडून पूड करा, मऊ ब्रशने लावा. चाकांच्या मागे, चासीच्या खालच्या अर्ध्यावर एअरब्रशने खूप पातळ केलेला मातकट रंग, खालून वर विरत जाणारा. आणि अर्धवटच थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात कमी वाटलं तर वाढवा.

टाटाचा ट्रक किंवा लालपरी बनवायची आहे. किट मिळेल का?

१/२४ मध्ये आपल्या मालवाहू ट्रकचं चांगलं प्लॅस्टिक किट माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे स्वतःच घडवावं लागतं, आणि यात आपल्याकडच्यांना एक सोय आहे : खरी गाडी दारात उभी असते.

परवानगी घेऊन मोजा. चालकाला सांगितलं की मॉडेल बनवतोय, तर तो बहुधा स्वतःच टेपचं दुसरं टोक धरतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस), केबिनची उंची, टायरचा व्यास, फाळक्याची उंची, एवढं मिळालं की बाकी फोटोवरून निघतं. फोटो लांबून, झूम करून, अगदी बाजूने घ्या. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं येतं आणि मापं फसतात. ४.२ मीटरचा व्हीलबेस १/२४ मध्ये १७५ मिलिमीटर.

टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ होता. त्या काळातल्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा हवा, नंतरच्यावर नको. आपल्याकडे पुष्कळ ट्रक कारखान्यातून नुसती चासी म्हणून निघतात आणि केबिन व हौदा बाहेरचा बॉडीवाला बांधतो. म्हणून दोन ट्रक सारखे नसतात, आणि तुमच्या मॉडेलला ‘चुकीचं’ म्हणायची कुणाची छातीही होत नाही.

चासीला स्टायरीनच्या पट्ट्या, केबिनला १ मिलिमीटरची स्टायरीन शीट. सनबोर्ड आणि फोमशीटच्या एसटी बस आपल्याकडे बरेच जण हौसेने बनवतात, पण सनबोर्ड हे पीव्हीसी आहे. पॉलिस्टायरीनचं सिमेंट त्याला एकजीव करत नाही, तिथे सुपरग्लू लागतो. हौद्याच्या फळ्यांना आईस्क्रीमच्या काड्या वापरायचा मोह होतो. टाळा. लाकडाचे रेषे या मापात दोरीएवढे दिसतात. स्टायरीनवर पात्याने रेघा ओढून रंगाने लाकूड करा. फाळक्याच्या साखळीला खोट्या दागिन्यांची बारीक साखळी.

मागची अक्षरं हातानेच रंगवा. छापलेलं डेकल फार सरळ येतं, आणि पेंटरचा ‘ओ’ कधीच पूर्ण गोल नसतो. ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने मनाई केली, तेव्हा एमएच पाटी लावून नव्याकोऱ्या ट्रकवर ते लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा. जुन्याला लिहाच. पाटीही काळाची हवी : एमएच-१२ सारखे क्रमांक १९८९ नंतरचे, त्याआधी तीन अक्षरांची मालिका होती. आज मालवाहू गाडीला पिवळ्यावर काळी अक्षरं असतात. लिंबू-मिरची बंपरखाली, काळे गोंडे आरशाला.

घरात लहान मूल आहे. वासाचं काय?

सिमेंट आणि थिनरची वाफ वाईटच. कापडी मास्क ती अडवत नाही, कोळशाच्या फिल्टरचा लागतो. गॅलरीत किंवा बाहेर वारा फेकणाऱ्या पंख्यासमोर फवारा, स्वयंपाकघरात कधीही नाही. रेझिनचे भाग कोरडे घासू नका, ओले घासा. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना स्नॅप किट आणि पाण्याचे ॲक्रिलिक रंग द्यायला हरकत नाही, पातं तुम्ही धरा.

तयार मॉडेल ठेवू कुठे?

ऊन न येणाऱ्या बंद काचेच्या कपाटात. उन्हाने पांढरा रंग आणि काचा पिवळ्या पडतात. मे महिन्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मॉडेल वाकतंच. जड ट्रकच्या चासीखाली छोटा ठोकळा ठेवून भार टायरवरून काढा, नाहीतर टायर चपटे होतात आणि फळीच्या पॉलिशला चिकटतात. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने, आरसे आणि वायपर सोडून.

आणि कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. नॅप्थॅलिनची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. कपड्यांच्या कपाटात वरच्या खणात ठेवलेली न उघडलेली किटही त्यातून सुटत नाहीत.